बुद्धिबळाचे प्राथमिक अध्यापन : कॅपाब्लांका, फिशर व लास्कर यांच्या पाठ्यग्रंथांची चिकित्सा

प्रास्ताविक

बुद्धिबळाचे नियम एका दुपारी शिकता येतात. सहा प्रकारच्या मोहऱ्यांच्या चाली, किल्लेकोट, प्याद्याचा वजीर होणे, शह, मात आणि बरोबरी एवढे कळले की नवशिक्याला पटासमोर बसता येते. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पुढे काय शिकावे, कोणत्या क्रमाने शिकावे आणि शिकलेले आपल्या खेळात उतरले की नाही हे कसे ओळखावे, याविषयी घरातील वडीलधारे, सोबतचे खेळाडू आणि बाजारातील पुस्तके निरनिराळी उत्तरे देतात. परिणामी अनेक वर्षे नित्यनेमाने खेळूनही पहिल्या वर्षीच्याच चुका करीत राहणाऱ्या खेळाडूंची संख्या मोठी असते. ही तक्रार आजची नाही. १८९४ ते १९२१ अशी सत्तावीस वर्षे जगज्जेतेपद भूषविणाऱ्या इमॅन्युएल लास्कर यांनी आपल्या पाठ्यग्रंथाच्या अखेरीस असा हिशेब मांडला आहे की, दरवर्षी किमान दोनशे तास बुद्धिबळात घालवूनही कोणतीच प्रगती न करणारे सुमारे अडीच लाख लोक आहेत. हा आकडा त्यांनी अंदाजाने दिलेला आहे. पण त्यामागील व्यथा शिक्षकाची आहे.

प्रस्तुत लेखात नवशिक्यासाठी लिहिलेल्या तीन प्रसिद्ध ग्रंथांचा अध्यापनशास्त्राच्या अंगाने विचार केला आहे. होसे राउल कॅपाब्लांका यांचा ‘चेस फंडामेंटल्स’ (१९२१), बॉबी फिशर यांच्या नावावरील ‘बॉबी फिशर टीचेस चेस’ (१९६६) आणि लास्कर यांचा ‘मॅन्युअल ऑफ चेस’ हे ते ग्रंथ होत. लास्करांचा ग्रंथ मूळ जर्मन भाषेत १९२०च्या दशकाच्या मध्यास व इंग्रजीत १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही लेखक जगज्जेते आहेत. (फिशर मात्र १९७२ मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर सहा वर्षांनी जगज्जेते झाले.) तथापि उत्तम खेळाडू हा उत्तम शिक्षक असतोच असे नाही, हे महाविद्यालयीन प्राध्यापकांना वेगळे सांगावयास नको. म्हणून येथे लेखकांच्या खेळाची नव्हे, तर त्यांच्या शिकविण्याची चिकित्सा अभिप्रेत आहे.

अंताकडून आरंभाकडे

कॅपाब्लांका यांच्या ग्रंथाचे पहिले पान उघडताच वाचकाचा अपेक्षाभंग होतो. डावाची सुरुवात कशी करावी हे तेथे नाही. तेथे पटावर केवळ तीन मोहरी आहेत : एका बाजूचा राजा व हत्ती आणि दुसऱ्या बाजूचा एकटा राजा. मात करून दाखवा, एवढेच काम.

हे काम दिसते तितके सोपे नाही. नवशिका प्रथम हत्तीने शहामागून शह देत सुटतो आणि विरुद्ध राजा पटाच्या मध्यभागी निवांत फिरत राहतो. काही वेळाने त्याच्या ध्यानात येते की, हत्ती एकटा मात करू शकत नाही. हत्तीने राजाला एका पट्टीपलीकडे अडवून धरावयाचे, आपल्या राजाने जवळ येऊन त्याची पुढची घरे काढून घ्यावयाची आणि अशा रीतीने त्याला पटाच्या कडेला ढकलत न्यावयाचे, असे हे सहकार्य आहे. अचूक खेळ झाल्यास कोणत्याही स्थितीतून जास्तीत जास्त सोळा चालींत मात होते. या सोळा चालींत विद्यार्थी ज्या गोष्टी शिकतो त्या पुढील साऱ्या खेळाला पुरतात. राजा ही केवळ लपवून ठेवण्याची वस्तू नसून लढणारे मोहरे आहे, हे त्याला कळते. शह देणे म्हणजे प्रगती नव्हे, हे कळते. विरुद्ध पक्षाची घरे मोजण्याची सवय लागते. शिवाय पटावर तीनच मोहरी असल्याने चूक कोठे झाली हे त्याचे त्यालाच सापडते.

यानंतर कॅपाब्लांका प्याद्यांच्या अंत्यावस्थेकडे वळतात. एक राजा व एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, या स्थितीत प्यादे पुढे दामटणारा नवशिका हमखास बरोबरी पदरात घेतो. राजाने प्याद्याच्या पुढे चालावयाचे असते. दोन्ही राजे एकाच पट्टीवर, मध्ये एक घर सोडून समोरासमोर उभे ठाकले की ज्याच्यावर चाल करण्याची पाळी येते त्याला बाजूला व्हावे लागते. अन्यत्र हक्काची वाटणारी चाल येथे ओझे होते. हा विरोधाभास एकदा उमगला की विद्यार्थ्याची खेळाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

हे प्राथमिक ज्ञान केवळ प्राथमिक पातळीपुरते असते, असे कोणास वाटेल. सिंगापूर येथे १२ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या जगज्जेतेपदाच्या चौदाव्या व अखेरच्या डावाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डाव बरोबरीकडे झुकलेला असताना डिंग लिरेन यांनी पंचावन्नाव्या चालीस हत्तींची अदलाबदल देऊ केली. डी. गुकेश यांनी ती स्वीकारून लगेच उंटांचीही अदलाबदल घडवून आणली आणि पटावर केवळ राजे व प्यादी उरली. अठ्ठावन्नाव्या चालीअखेर दोन्ही राजे एकाच उभ्या पट्टीवर, मध्ये एक घर सोडून समोरासमोर होते. गुकेश यांच्याकडे एक प्यादे अधिक होते आणि चाल डिंग यांची होती. त्यांनी तेथेच हार मानली. कॅपाब्लांकांच्या पहिल्या प्रकरणातील धड्यावर जगज्जेतेपद फिरले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तात्पर्य, कॅपाब्लांकांचा क्रमविचार योग्य आहे. पण त्यांची पायरी उंच आहे. पहिल्या प्रकरणातील ही धिमी चाल पुढे टिकत नाही. ज्या वाचकाला कालपर्यंत हत्तीने मात करता येत नव्हती त्याच्यापुढे थोड्याच पानांनंतर नामांकित खेळाडूंच्या डावांतील स्थिती येतात आणि ‘उघडच आहे’ अशा थाटात निर्णय सांगितले जातात. लेखकाला जे सहज दिसते ते वाचकाला का दिसत नाही, याचा विचार या ग्रंथात क्वचितच आढळतो. कॅपाब्लांका वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास वडिलांचा खेळ पाहून खेळू लागले, असे सांगितले जाते. ज्याला न शिकवता येऊ लागले त्याला न येण्याची अवस्था आठवत नसावी.

ग्रंथाचा उत्तरार्ध मात्र आवर्जून पाहावा असा आहे. तेथे विवेचनासह चौदा डाव दिले आहेत आणि त्यांची सुरुवात कॅपाब्लांका यांनी स्वतःच्या पराभवांनी केली आहे. १९११ मध्ये सॅन सेबास्टियन येथे रुबिन्स्टाइन यांच्याशी व १९१४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे लास्कर यांच्याशी गमावलेले डाव त्यांत आहेत. नव्याने जगज्जेता झालेल्या खेळाडूने पाठ्यपुस्तकात आपले पराभव आधी मांडावेत, हा अध्यापनाचा फार मोठा धडा आहे. दुर्दैवाने त्यामागील तत्त्व ग्रंथात कोठे स्पष्ट केलेले नाही.

सुरुवातीच्या चालींचे स्तोम

नवशिक्यांच्या वर्गांत आज सर्वाधिक वेळ जातो तो डावाच्या सुरुवातीच्या चाली पाठ करण्यात. त्याचे कारण उघड आहे. पाठांतर तपासता येते, पालकांना दाखविता येते आणि दोन-चार झटपट विजयही मिळवून देते. प्रतिपक्षाने पुस्तकाबाहेरची चाल केली की मात्र सारे पाठांतर कोलमडते, कारण चालींमागील हेतू शिकविलेलाच नसतो.

या संदर्भात सुलतान खान यांचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. अविभाजित पंजाबातील हा खेळाडू हिंदुस्थानी पद्धतीच्या बुद्धिबळात वाढला. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. साहजिकच युरोपीय डावारंभांचे ग्रंथबद्ध ज्ञान त्याच्या वाट्याला आलेले नव्हते. असे असता १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत साक्षात कॅपाब्लांकांचा पराभव केला. (जागतिक बुद्धिबळ महासंघाने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.) डावारंभातील उणिवेमुळे त्यांना अनेकदा अवघड स्थितीतून मार्ग काढावा लागला, हेही तितकेच खरे. शिवाय असामान्य प्रतिभेच्या उदाहरणावरून सर्वसामान्य नियम काढणे धोक्याचे असते. तरीही डावारंभाच्या ज्ञानावाचून किती मजल मारता येते, याचा हा पुरावा नाकारता येत नाही.

येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवावीशी वाटते. १८१४ मध्ये मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ इंग्रजीत छापला गेला. त्यात भर आहे तो मात साधण्याच्या निवडक स्थितींवर, आणि शिकणाऱ्याची सुधारणा हा हेतू त्याच्या शीर्षकातच नोंदविलेला आहे. स्थिती समोर ठेवून शिकविण्याची पद्धत आपल्याकडे परकी नाही, असा त्याचा अर्थ होतो.

पाहण्याचे शिक्षण

फिशर यांच्या नावावरील पुस्तक याच पद्धतीचे आधुनिक रूप आहे. स्टुअर्ट मार्ग्युलीज व डॉन मोझेनफेल्डर हे त्याचे सहलेखक. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना हे पुस्तक पाहताक्षणी ओळखीचे वाटेल, कारण ते क्रमान्वित अध्ययनाचा सरळ नमुना आहे. एका पानावर एक स्थिती व एक प्रश्न, पान उलटताच उत्तर, चुकल्यास त्याचे कारण आणि मग किंचित अवघड असा पुढचा प्रश्न. स्किनर यांनी पुरस्कारिलेले लहान टप्पे, तत्काळ प्रत्याभरण व प्रबलन ही सर्व तत्त्वे येथे जशीच्या तशी आढळतात. विषयही मुद्दाम आखूड ठेवला आहे. डावारंभ नाही, अंत्यावस्था नाही. शेवटच्या पट्टीवर अडकलेल्या राजाला मात कशी करावी, त्याच्या रक्षकाला कसे हटवावे, प्याद्यांची भिंत कशी फोडावी, एवढेच.

या मर्यादित विषयातच पुस्तकाचे सामर्थ्य आहे. विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडावयास सांगितली असता निष्णात खेळाडूला सुमारे सोळा, तर नवशिक्याला सुमारे चार मोहरी योग्य जागी ठेवता आली. मोहरी पटावर वाटेल तशी विखुरली असता हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. (नंतरच्या संशोधनात निष्णातांना अशा स्थितींतही थोडा लाभ होतो असे आढळले, पण तो अल्प आहे.) याचा अर्थ असा की, निष्णाताची स्मरणशक्ती अलौकिक नसते. तो सुटी मोहरी पाहत नाही, अर्थपूर्ण गट पाहतो. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढील तीन प्यादी व बाजूचा हत्ती हे त्याच्या दृष्टीने एकच चित्र असते. अशी चित्रे एकेक करून साठवावी लागतात आणि फिशर यांचे पुस्तक नेमके तेच काम करते. कॅपाब्लांकांनी गृहीत धरलेले ‘उघडच आहे’ हे येथे खरोखर उघड करून दाखविले जाते.

पण येथेच या पद्धतीचा मूलभूत दोषही आहे. प्रत्येक पानावरचा प्रश्न विद्यार्थ्याला उत्तर आहे असे आधीच सांगतो. मात होते हे ठाऊक असल्यावर ती शोधणे हे एक काम, आणि प्रत्यक्ष डावात या क्षणी शोधण्यासारखे काही आहे की नाही हे ओळखणे हे दुसरेच काम होय. परीक्षेत प्रश्नपत्रिका समोर असते. डावात प्रश्न स्वतःच ओळखावा लागतो. म्हणूनच शेकडो कोडी अचूक सोडविणारा विद्यार्थी डावात मात्र साधा घोड्याचा दुहेरी हल्ला पाहत नाही, असा अनुभव वारंवार येतो. आज भ्रमणध्वनीवर मिळणाऱ्या कोड्यांच्या अखंड पुरवठ्यालाही हाच आक्षेप लागू पडतो. शिवाय या कोड्यांत आक्रमण नेहमी आपले असते. प्रतिपक्ष काय करू पाहतो, हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांतून सहसा लागत नाही आणि नवशिक्याचे बहुसंख्य डाव नेमके याच सवयीच्या अभावी जातात.

दुसरी उणीव वरवर किरकोळ, परंतु परिणामांत गंभीर आहे. हे पुस्तक चाली बाणांनी दाखविते. चाली लिहिण्याची रीत शिकवीत नाही. वाचकाचे ओझे कमी करणे हा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्याला चाल लिहिता येत नाही त्याला आपला डाव टिपता येत नाही, आणि जो डाव टिपला नाही तो तपासता येत नाही.

दोनशे तासांचा हिशेब

हा तपासच लास्करांच्या विचाराचा गाभा आहे. लास्कर हे गणितज्ञही होते. बीजगणितातील एका प्रमेयाला त्यांचे व एमी नोएथर यांचे नाव आहे. त्यांच्या ग्रंथातील अभ्यासक्रम गणिती काटेकोरपणाने मांडलेला आहे. विशेष प्रतिभा नसलेल्या तरुणालाही दोनशे तासांत भक्कम खेळाडू करता येईल, असे ते म्हणतात आणि तासांची वाटणी देतात : नियम व सराव ५, प्राथमिक अंत्यावस्था ५, काही डावारंभ १०, मोहऱ्यांच्या एकत्रित हल्ल्यांची आखणी २०, स्थितीचा विचार करून खेळणे ४० आणि प्रत्यक्ष खेळ व त्याचे विश्लेषण १२०.

या वाटणीकडे पुन्हा पाहावे. डावारंभाला शेकडा पाच वेळ आहे, तर खेळ व विश्लेषण यांना शेकडा साठ. ‘खेळ’ व ‘विश्लेषण’ हे शब्द लास्करांनी एकाच ओळीत घातले आहेत हे विशेष महत्त्वाचे. पूर्वी उल्लेखिलेले अडीच लाख लोकही दोनशे तास देतातच. फरक एवढाच की, ते केवळ खेळतात. हरलेला डाव आवरून नवा मांडणे आणि हरलेल्या डावातील ती एक चाल शोधून काढणे, यांतील अंतरावर लास्करांची सारी शिक्षणपद्धती उभी आहे. स्मरणात थोडेच साठवावे, पण ते वापरता यावे, असा त्यांचा आग्रह आहे. नील चार्नेस व सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासातही खेळाडूच्या प्रावीण्याशी सर्वाधिक निगडित आढळला तो एकट्याने केलेला गंभीर अभ्यास. स्पर्धांतील सहभाग त्यामानाने कमी.

लास्करांचा आशावाद मात्र जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. फर्नांड गोबे व गिलेर्मो कॅम्पितेली यांनी २००७ मध्ये अर्जेंटिनातील खेळाडूंविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मास्टर पातळी गाठण्यास कोणाला सुमारे तीन हजार तास पुरले, तर कोणाला तेवीस हजारांहून अधिक लागले. लास्करांचे उद्दिष्ट मास्टर पातळीचे नव्हते, हे खरे. तरीही प्रतिभेचा प्रश्न त्यांनी जितक्या सहज बाजूला सारला तितका तो सरत नाही. बुद्धिबळातील शिस्त जीवनात उतरावी ही त्यांची अपेक्षाही अशीच तपासून घ्यावी लागते. बुद्धिबळाने गणित सुधारते असा प्रचार आपल्याकडे सर्रास होतो. इंग्लंडमधील शंभर शाळांत झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, शिकवणी संपल्यानंतर वर्षभराने घेतलेल्या चाचणीत गणितावर असा कोणताही परिणाम आढळला नाही. अध्ययन-संक्रमणाच्या आशेवर बुद्धिबळ शिकविण्यापेक्षा बुद्धिबळासाठी बुद्धिबळ शिकविणे अधिक प्रामाणिक ठरेल.

विश्लेषणाचे काम आज संगणकी इंजिन क्षणात करते, मग ते विद्यार्थ्याने का करावे, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. इंजिन योग्य चाल सांगते, ती का योग्य हे सांगत नाही. आणि विद्यार्थ्याने अयोग्य चाल कोणत्या समजुतीने केली हे तर त्याला ठाऊकच नसते. गुकेश यांनी प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांच्या मार्गदर्शनाखाली २०१९ मध्ये ग्रँडमास्टर होईपर्यंत इंजिनाचा आधार घेतला नाही, ही प्रसिद्ध गोष्ट आहे. हा मार्ग सर्वांनाच मानवेल असे नाही. तथापि आधी स्वतःचा शोध व नंतर इंजिनाचा पडताळा, एवढा क्रम तरी नवशिक्याला पाळता येण्यासारखा आहे. उलट क्रमाने गेल्यास गणिताच्या पुस्तकात आधी मागची उत्तरे पाहणाऱ्या विद्यार्थ्यासारखी गत होते.

अभ्यासक्रमाचा प्रश्न

महाविद्यालयात बुद्धिबळाचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम आखावयाचा झाल्यास लास्करांच्या प्रमाणानुसार नियमांना पाऊण तास, प्राथमिक अंत्यावस्थेला पाऊण तास, डावारंभाला दीड तास, हल्ल्यांच्या आखणीला तीन, स्थितीविचाराला सहा आणि खेळ व विश्लेषणाला अठरा तास येतात. यातील अंत्यावस्थेचा पाऊण तास निश्चितच अपुरा आहे. हत्तीची मात व समोरासमोरचे राजे एवढे दोनच विषय हाताखालून जाण्यास किमान तीन तास हवेत आणि ते स्थितीविचारातून काढता येतील, कारण नवशिक्याला स्थितीविचाराचा मोठा भाग तीन-चार मोहऱ्यांच्या पटावरच शिकता येतो. हल्ल्यांच्या आखणीसाठी फिशर यांच्या धर्तीवरील प्रश्न उपयोगी पडतील. मात्र त्यांत काहीच साधत नाही अशा स्थितीही मिसळाव्यात आणि काही ठिकाणी पट फिरवून बचाव विचारावा. चाली लिहिणे पहिल्याच तासाला शिकवावे. अठरा तासांपैकी निम्मे खेळासाठी ठेवल्यास उरलेल्या नऊ तासांत प्रत्येक विद्यार्थ्याने आपला किमान एक हरलेला डाव वर्गापुढे मांडावा, डाव कोणत्या चालीला गेला ते सांगावे आणि त्या वेळी आपल्या मनात काय होते तेही सांगावे. मूल्यमापनाचे गुण स्पर्धेतील क्रमांकाला न देता या मांडणीला द्यावेत.